बिघडलं तं कोनाच्या दारात जाशीन?

घाटंजी तालुक्यातल्या आमच्या गावात माझा चुलतभाऊ सात एकर कोरडवाहू शेती करतो. २०२३ च्या पावसाळ्याच्या तोंडावर त्याच्या मुलाने बॅटरीवर चालणारा फवारणी पंप मोबाइलवरून मागवला. जवळच्या कृषी केंद्रातल्या भावापेक्षा तो सहाशे रुपयांनी स्वस्त पडत होता. "काका, एवढी मोठी कंपनी हाय, फसवन कायले?" असे पुतण्या मला म्हणाला. ओसरीवर वाती वळत बसलेल्या माझ्या मोठ्या मायने मान वर न करता त्याला विचारले, "बिघडलं तं कोनाच्या दारात जाशीन रे बावा?"

आम्ही दोघेही हसलो. पाचव्या दिवशी पंप आला. पेरणीची घाई होती, मग पावसाची झड लागली, आणि खोके उघडायला नववा दिवस उजाडला. नवा पंप आधी साध्या पाण्याने चालवून पाहायचा, हा चुलतभावाचा नियम. पुतण्याने टाकी भरून पाठीवर घेतली आणि थोड्याच वेळात त्याच्या सदऱ्याची पाठ भिजली. टाकीच्या तळाला, नळी बसते तिथे, गळती होती.

ते पाणी होते म्हणून आम्ही फक्त चिडलो. २०१७ च्या हंगामात याच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जण रुग्णालयात गेले. डोक्याइतकी वाढलेली कपाशी, औषधांची मिश्रणे, हातमोजे-मुखपट्टी नसणे, अशा अनेक कारणांची तेव्हा चर्चा झाली. ज्या जिल्ह्याने ते पाहिले, तिथे पाठीवर गळणारा पंप ही किरकोळ तक्रार नसते.

पुतण्याने अ‍ॅप उघडले. परत करण्याची मुदत सात दिवसांची होती आणि ती संपली होती. विक्रेत्याचा पत्ता दुसऱ्या राज्यातला, फोन लागेना. मोठ्या मायचा प्रश्न आमच्यासमोर उभा राहिला. मी वकील नाही. कायद्याचे जे काही वाचले ते वाचनालयात बसून आणि राजपत्रे चाळून. पण या पंपाच्या निमित्ताने मी तो प्रश्न धरून बसलो. मोठ्या ऑनलाइन दुकानावर भरवसा ठेवावा की नाही, हे ठरवायचे कसे? हा लेख म्हणजे त्या शोधाचा हिशेब आहे.

व्ही.पी.ची जुनी वाट

न पाहिलेल्या दुकानदाराकडून न पाहिलेली वस्तू मागवणे आपल्याकडे नवे नाही. भारतीय टपाल खात्याने १८७७ मध्ये व्हॅल्यू पेएबल, म्हणजे व्ही.पी.ची सोय सुरू केली. विक्रेत्याने पार्सल टपालात टाकायचे, पोस्टमनने ते दारात आणून किंमत वसूल करायची आणि ती रक्कम विक्रेत्याला पोचवायची. घड्याळे, औषधे, पुस्तके, इतकेच काय दिवाळी अंकसुद्धा या वाटेने खेडोपाडी पोचले. या अंकाच्या वाचकांपैकी जुन्या मंडळींनी कधी ना कधी व्ही.पी. सोडवलेली असेल.

या पद्धतीत एक गोम होती. पैसे आधी द्यायचे, पार्सल नंतर फोडायचे. टपाल खाते पार्सल पोचवण्याची हमी घेत होते, आतला माल चांगला असल्याची नव्हे. माझ्या वडिलांनी जाहिरात वाचून एकदा मनगटी घड्याळ मागवले होते. ते आठ दिवस चालले. वडील पोस्टमनवर रागावले, आणि पोस्टमनने शांतपणे सांगितले, "भाऊ, मी आणून देणारा. इकणारा दुसराच हाय." ते वाक्य घरात पुढे म्हणीसारखे वापरले जाई. आजच्या ऑनलाइन खरेदीचे निम्मे कायदेशास्त्र त्या वाक्यात आहे.

पुढे पत्ता शोधणे सोपे झाले ते पिनकोडमुळे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली ही सहा अंकी योजना श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने आखली. ते संस्कृतचे कवीही होते. यवतमाळचे ४४५००१ टाकल्यावर 'आपल्या भागात पोच उपलब्ध आहे' असे मोबाइल सांगतो, ते त्याच आखणीच्या जोरावर. २००७ मध्ये बेंगळुरूत पुस्तकविक्रीपासून सुरू झालेल्या फ्लिपकार्टने २०१० मध्ये 'माल हातात आल्यावर पैसे' ही सोय आणली, तेव्हा तिचे नवल वाटले. खरे तर ती व्ही.पी.चीच नात होती. अ‍ॅमेझॉनचे भारतीय संकेतस्थळ जून २०१३ मध्ये सुरू झाले.

दुकान की बाजार?

आपण 'अमक्या कंपनीकडून घेतले' असे म्हणतो. बहुतेक वेळा ते खरे नसते. परकीय भांडवल असलेल्या ऑनलाइन कंपनीला भारतात स्वतःचा माल थेट ग्राहकाला विकता येत नाही. केंद्र सरकारच्या २०१६ च्या धोरणानुसार तिला फक्त बाजारपेठ चालवता येते, म्हणजे विकणारे आणि घेणारे यांना एकत्र आणता येते. फेब्रुवारी २०१९ पासून हे नियम आणखी कडक झाले. अ‍ॅमेझॉन ही अमेरिकी कंपनी, आणि फ्लिपकार्टचा मोठा हिस्सा २०१८ मध्ये वॉलमार्ट या अमेरिकी कंपनीने घेतला. म्हणून या दोन्ही ठिकाणी वस्तूच्या पानावर, किमतीच्या खाली, बारीक अक्षरात विक्रेत्याचे वेगळे नाव असते.

आपल्या आठवडी बाजाराशी तुलना केली की हे लगेच समजते. बाजाराची जागा ग्रामपंचायतीची किंवा नगरपालिकेची. ती दुकान मांडणाऱ्याकडून पैसे घेते, पण तुम्हाला मिरची विकते ती समोर बसलेली बाई. मिरची भेसळीची निघाली तर तुम्ही त्या बाईकडे जाता. फरक एवढाच की आठवडी बाजारात ती बाई पुढच्या आठवड्याला त्याच जागी बसलेली असते. ऑनलाइन बाजारात विकणारा दिसत नाही. दिसते ते फक्त बाजाराचे भलेमोठे नाव. आपला भरवसा त्या नावावर बसतो आणि माल मात्र भलत्याचाच येतो.

आणखी एक गोष्ट माझ्या उशिरा ध्यानात आली. एकाच वस्तूच्या पानावर अनेक विक्रेते असू शकतात. वाचकांची मते आणि तारे बहुधा त्या वस्तूच्या पानाचे असतात, तुम्हाला माल पाठवणाऱ्या विक्रेत्याचे नव्हेत. पाच जणांनी एका विक्रेत्याकडून चांगला पंप घेतला, सहाव्याला दुसऱ्याने गळका पाठवला, तरी पान तेच. त्याचप्रमाणे 'आमच्या गोदामातून पाठवले' अशा अर्थाची खूण असली तरी ती मुख्यतः साठवण आणि पोच यांविषयी असते. विकणारा वेगळाच असू शकतो.

कुकरचा धडा

मग बाजार चालवणारा पूर्ण मोकळा का? नाही. याचे उत्तम उदाहरण प्रेशर कुकरचे आहे. घरगुती कुकरला आयएसआय चिन्ह बंधनकारक करणारा आदेश १ फेब्रुवारी २०२१ पासून लागू झाला. तरीही चिन्ह नसलेले कुकर ऑनलाइन विकले जात होते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑगस्ट २०२२ मध्ये अ‍ॅमेझॉनला एक लाख रुपयांचा दंड केला. तिच्या संकेतस्थळावरून असे २,२६५ कुकर विकले गेले होते. ग्राहकांना कळवून कुकर परत घ्या आणि पैसे परत करा, असाही आदेश होता. त्याच महिन्यात फ्लिपकार्टलाही ५९८ कुकरांबद्दल तेवढाच दंड झाला. प्रकरण पुढे दिल्ली उच्च न्यायालयात गेले.

दंड या कंपन्यांच्या मानाने क्षुल्लक आहे. महत्त्वाचा आहे तो प्राधिकरणाचा मुद्दा. प्रत्येक विक्रीमागे तुम्ही शुल्क कमावता, मग त्या विक्रीतून अंग काढून घेता येणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. वडिलांच्या पोस्टमनला विक्रीत वाटा नव्हता. या बाजारांना तो आहे.

प्रश्न तिथेच संपला नाही. मार्च २०२५ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने दिल्लीतील अ‍ॅमेझॉनच्या गोदामाची तपासणी करून मानकचिन्ह नसलेल्या साडेतीन हजारांहून अधिक विद्युत वस्तू जप्त केल्या. फ्लिपकार्टशी संलग्न गोदामातूनही बूट जप्त झाले. नाव कितीही मोठे असो, चिन्ह आपणच पाहायचे, हा यातला धडा.

गावचे दुकान तरी?

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग आपले गावचे दुकानच बरे. मलाही आधी तसेच वाटले. पण आपल्या जिल्ह्यातला अनुभव तेवढा सरळ नाही.

गावच्या कृषी केंद्रावर शेतकऱ्याचा जो भरवसा असतो, त्यातला बराचसा भाग उधारीचा असतो. बी-बियाणे, खत, औषध जूनमध्ये न्यायचे आणि कापूस विकला की चुकते करायचे. ज्याची उधारी डोक्यावर आहे, त्याला दुकानदार देईल ते औषध घ्यावे लागते आणि बिल मागायला जीभ रेटत नाही. मान्यता नसलेले, तणनाशक सहन करणारे कपाशीचे बियाणे विदर्भात वर्षानुवर्षे विकले गेले ते ओळखीच्याच माणसांच्या हातून, आणि अर्थातच बिलाशिवाय. उगवले नाही तर तक्रार कोणाची करणार? घेणाऱ्याकडे कागदच नाही.

म्हणजे गावच्या दुकानात चेहरा आहे, पण पुष्कळदा कागद नाही. ऑनलाइन बाजारात कागद आहे, पण चेहरा नाही. भरवसा म्हणजे काय, याचे उत्तर मला या दोहोंच्या मधे सापडले. बिघडल्यावर जाब देणारा कोण, हे आधी माहीत असणे म्हणजे भरवसा. तो कंपनीच्या आकारावर अवलंबून नाही, ओळखीवरही नाही. मोठ्या मायने नेमके तेच विचारले होते.

कायदा काय म्हणतो

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा जुलै २०२० मध्ये लागू झाला आणि त्याच महिन्यात ऑनलाइन व्यापाराचे स्वतंत्र नियमही आले. यामागे मोठी परंपरा आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले, १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली, आणि १९८६ मध्ये देशाला पहिला ग्राहक संरक्षण कायदा मिळाला. म्हणजे कायद्याच्या आधी मराठी माणसांची चळवळ होती.

२०२० च्या नियमांतल्या चार गोष्टी प्रत्येकाने लक्षात ठेवाव्यात. एक, बाजार चालवणाऱ्या संकेतस्थळाने विक्रेत्याचे नाव, पत्ता आणि संपर्क क्रमांक दाखवला पाहिजे. दोन, त्याने तक्रार अधिकारी नेमला पाहिजे, आणि त्या अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच देऊन एका महिन्यात ती सोडवली पाहिजे. तीन, माल सदोष, बनावट किंवा वर्णनाशी न जुळणारा असेल तर विक्रेत्याला तो परत घेण्यास नकार देता येत नाही. चार, विक्रेत्याने ग्राहकाचे सोंग घेऊन स्वतःच्या मालाची स्तुती लिहायची नाही.

मूळ कायद्यात आणखी दोन तरतुदी आहेत. बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. आणि सदोष वस्तू बिलावर लिहिलेल्या मुदतीत परत न घेणे, किंवा बिलावर मुदतच नसेल तर तीस दिवसांत परत न घेणे, हीसुद्धा अनुचित प्रथा आहे. आमच्या पंपाच्या बिलावर परतीची मुदत छापलेली नव्हती. सात दिवस होते ते फक्त अ‍ॅपवर. तिथे मला धागा मिळाला.

शेतकऱ्यांसाठी एक निकालही सांगितला पाहिजे. बियाण्याच्या प्रकरणात शेतकरी हा ग्राहकच आहे आणि तो ग्राहक मंचाकडे दाद मागू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय बीज निगमाच्या प्रकरणात जानेवारी २०१२ मध्ये स्पष्ट केले. 'शेतीचा माल म्हणजे धंद्याचा माल' असे सांगून कोणी वाटेला लावत असेल तर हे आठवावे.

मग ठरवायचे कसे?

माझी आता एक साधी पद्धत झाली आहे. पहिला प्रश्न: वस्तू बिघडली तर नुकसान किती? पुस्तक, चादर, चपला चुकल्या तर पैसे जातील, जीव जाणार नाही. अशा वस्तू निर्धास्त मागवाव्यात. कुकर, हीटर, चार्जर, हेल्मेट यांत जिवाचा प्रश्न आहे, तिथे मानकचिन्ह पाहिल्याशिवाय घेऊ नये. मानक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' या अ‍ॅपवर चिन्हासोबतचा परवाना क्रमांक टाकला की तो खरा की खोटा ते कळते. दागिन्यावरचा सहा अक्षर-अंकांचा हॉलमार्क क्रमांकही तिथेच तपासता येतो.

कीटकनाशकाचे वेगळे आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्राने कीटकनाशक नियमांत बदल करून परवानाधारक विक्रेत्यांना ऑनलाइन विक्रीची मुभा दिली, आणि परवाना तपासण्याची जबाबदारी संकेतस्थळावर टाकली. कायद्याने वाट मोकळी आहे. तरी माझे मत असे की औषध जवळच्या परवानाधारक केंद्रातून, बिल घेऊन, लेबल वाचून घ्यावे. उलटी-चक्कर सुरू झाली तर डॉक्टरला डबा दाखवावा लागतो, आणि हा डबा कुठून आला हे सांगणारा माणूस तालुक्यात असलेला बरा.

दुसरा प्रश्न: विकणारा कोण? पानावरचे विक्रेत्याचे नाव वाचावे, ते दाबून पत्ता पाहावा. त्या वस्तूच्या उत्पादक कंपनीची सेवा यवतमाळ, अमरावती किंवा नागपूरला आहे का, हेही पाहावे. नसेल तर सहाशे रुपयांची बचत दुरुस्तीच्या पहिल्याच खेपेत संपते.

तिसरा: परतीची मुदत केव्हा संपते? ती तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहून ठेवावी. आम्ही तिथेच चुकलो. खोके आल्या दिवशी उघडावे, आणि उघडताना मोबाइलवर चित्रण करावे. कायद्याने ते सक्तीचे नाही, पण पुरावा म्हणून उपयोगी पडते.

चौथा: मते वाचताना पाच तारे आणि एक तारा दोन्ही बाजूला ठेवून तीन ताऱ्यांची, अलीकडच्या महिन्यांतली मते वाचावीत. वस्तूचा गुण आणि दोष दोन्ही सांगणारा माणूस बहुधा तिथे सापडतो.

पाचवा, सर्वांत महत्त्वाचा: आपण खरोखर त्याच बाजारात आहोत का? दिवाळीच्या सुमारास मोठ्या कंपनीच्या नावाची हुबेहूब नकली पाने मोबाइलवर फिरतात. निरोपातल्या दुव्यावरून कधीही खरेदी करू नये. ग्राहक सेवेचा क्रमांक शोधयंत्रावर शोधू नये, तो अ‍ॅपमधूनच घ्यावा. आणि एक नियम घरातल्या प्रत्येकाला पाठ असावा: पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन लागतो तो द्यायला. परतावा देतो म्हणून कोणी कोड स्कॅन करायला सांगितले, ओटीपी मागितला, की फोन ठेवावा. पैसे गेलेच तर विलंब न करता १९३० वर कळवावे.

दाराची वाट

आता मोठ्या मायच्या प्रश्नाचे उत्तर. पहिले दार संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याचे. फोनवर भांडू नये, लेखी तक्रार करावी आणि तक्रार क्रमांक जपावा. दुसरे दार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचे, क्रमांक १९१५. तिथे मराठीतही बोलता येते. तिसरे दार जिल्हा ग्राहक आयोगाचे. पूर्वी विकणारा जिथला तिथे जावे लागेल अशी धास्ती असे. २०१९ च्या कायद्याने ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगाकडे तक्रार करण्याची मुभा दिली. म्हणजे माल दिल्लीहून आला तरी जाब यवतमाळात विचारता येतो. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे, आणि २०२५ पासून 'ई-जागृती' संकेतस्थळावरून ती घरबसल्या दाखल करता येते.

आम्हाला तिसऱ्या दारापर्यंत जावे लागले नाही. तक्रार अधिकाऱ्याला पत्र लिहिले. त्यात बिलाची प्रत, गळतीचे छायाचित्र आणि त्या दोन तरतुदी एवढेच होते. आठवडाभर ठरावीक छापाची उत्तरे आली. मग १९१५ वर नोंद केली. पत्र लिहिल्यापासून एकतिसाव्या दिवशी पैसे खात्यात परत आले. पण तोवर फवारणीचा हंगाम अर्धा सरला होता, आणि चुलतभावाने कृषी केंद्रातून दुसरा पंप आणला होता. या वेळी त्याने बिल मागितले. दुकानदाराने जरा आश्चर्याने त्याच्याकडे पाहिले आणि बिल फाडून दिले.

पुतण्या अजून मोबाइलवरून खरेदी करतो. मागच्या महिन्यात त्याने मुलीसाठी पुस्तके आणि टेबलावरचा दिवा मागवला. दिवा उघडण्याआधी त्याने आजीला बोलावून खोक्यावरचे चिन्ह आणि बिलावरचा पत्ता वाचून दाखवला. मोठ्या मायला अक्षर दिसत नाही. तिने एवढेच विचारले, "अन् हे नाही ऐकले तं?" पुतण्याने तिला एकेक दार मोजून सांगितले. तिसरे आपल्या यवतमाळातच आहे, हे ऐकल्यावर ती म्हणाली, "मंग आन."